अंगठा

सहा गुण मिळतील, असं पत्रात होतं,
परवाना पुढे चालू ठेवायला लागतात तेवढे.
म्हणून रात्रपाळी उतरून तशीच जिना चढले,
कुताइसीच्या जुन्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर,
जिथे आता मोडक्या खाटा ठेवतात
आणि वर्षातून एकदा आम्हाला.

नेस्तान तिबिलिसीहून आली होती,
माझ्या धाकटीपेक्षाही लहान.
हात कधी धुवायचे ते तिनं भिंतीवर दाखवलं:
रोग्याला शिवण्याआधी, शिवल्यावर,
त्याच्या चादरीला नुसता धक्का लागला तरी.
मी खिडकीतून रिओनी बघत होते.
फेब्रुवारीची, गढूळ, घाईत असलेली.

मला कोण काय शिकवणार?
एतेरीचा हात हलका, असं गावभर म्हणतात,
सुई टोचली कधी ते कळतही नाही.
माझीच पाळी आहे का विचारून
बायका रक्त द्यायला येतात.

नेस्तानने तळहातावर मलमाचा ठिपका दिला.
"चोळा, मग धुवा. रोज धुता तसे."
मी धुतले. ऐटीत धुतले.
तिनं दिवे घालवले, जांभळी बत्ती लावली.
तळवे काळेभोर, स्वच्छ. बोटांच्या बेचक्या स्वच्छ.
आणि दोन अंगठे
नखापासून मुळापर्यंत पेटलेले,
दुसऱ्याच कुणाचे आणून चिकटवल्यासारखे.

एकतीस वर्षं
साबणाला मी अंगठा दाखवत आले होते.

मागे कुणीतरी हसलं. मीही हसले.
मग आठवू लागलं, अंगठा कुठे कुठे जातो ते.
पिचकारीचा दट्ट्या तोच रेटतो.
मिटलेली पापणी तोच उचलतो.
शीर तोच दाबून धरतो
आणि बाळाची टाळू, अगदी हळू, तोच बघतो.

त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
सुया आम्ही रॉकेलच्या स्टोव्हवर उकळायचो,
पाणी नदीवरून बादल्यांनी.
ग्वांत्सा चौदा महिन्यांची.
तिसऱ्या दिवशी सलाइनच्या जागेपासून
एक लाल रेघ काखेपर्यंत चढली.
काळच वाईट, असं आम्ही तिच्या आईला म्हणालो.
काळ वाईट होताच.
पाणी वाईट होतं, थंडी होती, औषध नव्हतं.
एवढी कारणं असली की
आणखी एक कुणी शोधत नाही.

नेस्तानला मी विचारलं नाही.
तिच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

तेवढ्यात कप गोळा करायला झुझुना आली.
फरशी पुसणाऱ्यांचं नाव हजेरीत नसतं.
"हे काय, अंधारात भुतं बोलावताय?"
म्हणून तिनंही मलम चोळलं, हात धुऊन आली
आणि बत्तीखाली धरले.
कुठेच उजेड नाही. अंगठ्यावरही नाही.
फक्त भेगा. क्लोरिननं उकललेली कातडी,
उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसतो तशी.
नेस्तान वाकून म्हणाली, "भेगांत जंतू राहतात, मावशी."
"राहतात ना," झुझुना म्हणाली,
"त्यांना बाहेर काढायला मलम द्या.
चार वर्षं मागतेय."
अहवालात हे आलं नाही.
सहा गुण सगळ्यांना मिळाले. तिला नाही.

रात्री पुन्हा पाळी.
नळाचं पाणी बर्फासारखं.
नेस्तानने शिकवलं तसा
उजवा अंगठा डाव्या मुठीत घेतला, फिरवला,
आणि थांबले.

अशी मूठ मला माहीत होती.
सुई लावताना तिनं धरला होता माझा अंगठा,
पाचही बोटांनी, घट्ट,
रडायचं विसरून.

वीस मोजले. पुन्हा वीस.
मग मोजणं राहिलं.

खिशात मलमाची नळी होती,
माझ्या पैशांची, अजून द्यायची राहिलेली.
मागून बादली आपटत झुझुना ओरडली,
"नळ बंद कर, एतेरी!
अख्खी रिओनी संपवशील."